चालीवर लिहिणं कमीपणाचं आहे का? गदिमांच्या आयुष्यातून एक उत्तर

प्रश्न विचारणारा तरुण सांगली जिल्ह्यातला आहे, सव्वीस वर्षांचा. कविता लिहितो, दोन-तीन स्पर्धांत बक्षिसंही मिळाली आहेत. एका संगीतकारानं त्याला मोबाइलवर चाल पाठवली. चालीवर 'ला ला ला' आणि मधेमधे अर्थ नसलेले हिंदी शब्द भरलेले होते. सोबत निरोप होता, 'यावर मराठीत लिहून दे, परवा हवंय.' त्याला ते अपमानाचं वाटलं. तो विचारतो, 'गदिमांसारख्या कवीनं असं काम केलं असतं का? चालीवर बसवलेले शब्द म्हणजे कविता असते का? आणि यावर पोट भरतं का?'

मी बत्तीस वर्षं चित्रपट, मालिका, नाटकं आणि जाहिरातींसाठी मराठी गाणी लिहितो आहे. तुमचे तिन्ही प्रश्न मलाही तुमच्या वयात पडले होते आणि त्यांची उत्तरं मला गदिमांच्या कामाकडे पाहूनच मिळाली. तुम्ही त्यांचं नाव काढलंच आहे, तर त्यांच्याच आयुष्यातून सांगतो.

तुम्ही सांगलीकडचे म्हणजे माणदेश तुम्हाला सांगायला नको. गजानन दिगंबर माडगूळकर यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ चा, शेटफळ्याचा. मूळ गाव माडगूळ, आटपाडीच्या बाजूचं. पाऊस कमी, माळरान जास्त. शाळा औंध संस्थानात, कुंडल आणि औंधला. मॅट्रिकला गणितानं घात केला आणि शिक्षण तिथंच थांबलं. चरित्रात हा भाग दोन ओळींत उरकला जातो. मला मात्र वाटतं, तुमच्यासारख्यानं इथंच थांबून पाहायला हवं. कारण पुढे जी गाणी आली त्यांची सगळी शिदोरी त्याच वर्षांत भरली गेली. घरात आईच्या ओव्या, देवळात भजन, उत्सवात कीर्तन, जत्रेत तमाशा, शाहिराचा डफ. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, कीर्तनात रमणारे. त्या छोट्या संस्थानातल्या मुलाच्या कानावर एका वर्षात मराठीचे जितके सूर पडत, तितके आज आपल्या कानावर दहा वर्षांतही पडत नाहीत. आपण एकाच तऱ्हेची गाणी दिवसभर ऐकतो.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की, गीतकाराचा कान आधी तयार होतो, लेखणी नंतर. गदिमांकडे वृत्तं, छंद, जाती हे पाठ करून आलेलं नव्हतं, ते अंगात मुरलेलं होतं. ओवीला किती मोकळीक असते, अभंगाचा तिसरा चरण कुठं यमक देतो आणि चौथा कसा तुटून संपतो, लावणीत ढोलकीचा तोडा पडायच्या आधी कोणतं अक्षर यायला हवं, हे त्यांना मोजावं लागत नसे.

१९३८ साली ते कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या हंस पिक्चर्समध्ये शिरले. 'ब्रह्मचारी' चित्रपटात त्यांची लहानशी भूमिका आहे. म्हणजे सुरुवात गीतकार म्हणून झालेली नाही. मिळेल ते काम करणारा एक गरजू मुलगा, एवढीच त्यांची ओळख होती. याच काळात ते वि. स. खांडेकरांचे लेखनिक झाले. खांडेकर सांगायचे आणि हा मुलगा लिहून घ्यायचा. दुसऱ्याच्या तोंडून वाक्य कसं जन्मतं, कुठं अडतं, कुठं वळतं, हे रोज तासन्‌तास ऐकणं याहून चांगली शाळा मला सुचत नाही. शिवाय खांडेकरांची पुस्तकं हाताशी होती. मग दिग्दर्शक के. नारायण काळे यांच्याकडे नवयुग या चित्रपट कंपनीत उमेदवारी केली आणि १९४२ च्या 'पहिला पाळणा'त गीतकार म्हणून नाव आलं. १९४७ च्या 'रामजोशी'नं ते महाराष्ट्रभर पोचले.

'रामजोशी'कडे जरा नीट पाहा. चित्रपट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या एका शाहिराचा आहे आणि रामजोशींच्या स्वतःच्या लावण्या लोकांना माहीत आहेत. त्यांच्या शेजारी आपली गाणी ठेवायची आणि सांधा दिसू द्यायचा नाही, असं ते काम होतं. अठ्ठावीस वर्षांच्या माणसानं ते पेललं. इथं 'माझी शैली' म्हणून हट्ट धरला असता तर चित्रपट फसला असता. आपला आवाज बाजूला ठेवून दुसऱ्याच्या आवाजात बोलायचं, हे गीतकाराचं मुख्य काम आहे. तुम्हाला चालीचा जो जाच वाटतो आहे, तो याच कामाचा एक भाग आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. चित्रपटाच्या धंद्यात त्या काळीही दोन्ही रीती होत्या. कधी शब्द आधी, कधी चाल आधी. लावणी असेल तर ढोलकीचा ठेका आधीच ठरलेला, म्हणजे अर्धी चाल तिथंच आली. आणि चाल नसली तरी प्रसंग असतोच. कोण गातंय, कुणासमोर, कुठल्या वेळी, पडद्यावर किती मिनिटं. हे सगळे साचेच आहेत. चाल हा त्यातला एक साचा. तुमची तक्रार साच्याबद्दल असेल तर ओवी आणि अभंग हेही साचेच आहेत, आणि त्यात ज्ञानोबा-तुकोबांनी काय केलं ते तुम्ही जाणता.

प्रसंगातून शब्द कसा उगवतो याचं माझं आवडतं उदाहरण १९६१ च्या 'प्रपंच'मधलं आहे. घर कुंभाराचं, पोरं पुष्कळ, ओढाताण रोजची. तिथं 'फिरत्या चाकावरती देसी मातीला आकार' हे गाणं येतं आणि विठ्ठलाला वेडा कुंभार म्हटलं जातं. ही प्रतिमा आकाशातून पडलेली नाही. चाक, माती, आवा हे सगळं त्या घरात आधीच होतं, पडद्यावर दिसत होतं. कवीनं फक्त त्या माणसाच्या हातातल्या वस्तूंवर बोट ठेवलं आणि त्यांच्यातून देवाशी भांडण मांडलं. सुधीर फडक्यांचा आवाज लागला आणि ते गाणं चित्रपटातून निघून कीर्तनात गेलं. मी नव्यानं लिहिणाऱ्या मुलांना सांगतो की पात्राच्या खोलीत काय काय ठेवलंय त्याची आधी यादी करा. उपमा बाहेरून आणायची वेळ फार कमी येते.

आणि तोच माणूस १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'त 'बुगडी माझी सांडली गं' लिहितो. इथं मला 'सांडली' या एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. बुगडी म्हणजे कानाच्या वरच्या पाळीत घालायचा दागिना. ती 'हरवली' म्हटलं असतं तरी मात्रा जवळपास बसल्या असत्या. पण 'हरवली' म्हटलं की तक्रार होते, शोधाशोध होते. 'सांडली'त एक निष्काळजी लाडीकपणा आहे. अनुस्वारामुळे आवाज नाकातून घुमतो आणि 'ड' ढोलकीच्या थापेवर नेमका आपटतो. आशा भोसले यांनी त्या जागेचं सोनं केलं, पण सोनं करायला जागा लागते, ती शब्दानं दिली. हा चित्रपट पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. त्यात वसंत पवारांच्या चालींचा वाटा फार मोठा आहे हे खरंच.

थोडं तांत्रिक बोलतो, कारण हे कुणी मोकळेपणानं सांगत नाही. गाण्याची ओळ डोळ्यांनी वाचायची नसते, गळ्यातून जायची असते. जोडाक्षर द्रुत लयीत अडखळतं. लांब सूर 'आ', 'ई', 'ए', 'ओ' यांवर उभा राहतो, ऱ्हस्व 'इ-उ'वर तो आखडतो. गीतरामायणातली 'पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा' ही ओळ मोठ्यानं म्हणा. जोडाक्षर एकच, 'पुत्र'. बाकी रा, धी, आ, हे, ती, मा, वा, चा असे दीर्घ स्वर पायऱ्यांसारखे मांडलेले. गाणाऱ्याला कुठंही थांबता येतं, कुठंही लांबवता येतं. राम भरताची समजूत घालतो आहे, त्याला घाई नाही, आणि ही शांतता अर्थाच्याही आधी स्वरांतून ऐकू येते. किंवा माणिक वर्मांनी गायलेलं 'घननीळा लडिवाळा' घ्या. त्यात 'ल' आणि 'ळ' एकमेकांच्या पाठीवर येतात आणि जीभ टाळूवरून आपोआप मागे-पुढे झुलते. 'ळ' हा आपला ठेवा आहे. आज 'ऐकायला गावठी वाटतो' म्हणून तो टाळणारे लोक स्टुडिओत भेटतात. त्यांना हे गाणं ऐकवा.

हे मी चूक करून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका मालिकेच्या शीर्षकगीतात मी 'स्वप्नस्पर्श' असा शब्द घातला होता. कागदावर छान दिसत होता. लय द्रुत होती. गायिका चांगली, तयारीची, पण 'प्न' आणि 'स्प' तिच्या श्वासात अडकत आणि माइकवर 'प' फुटत राहिला. नऊ टेक झाले. शेवटी संगीतकारानं तिथं 'तुझी चाहूल' असं करून टाकलं आणि ओळ वाहू लागली. तिचा त्रास माझ्या शब्दामुळे झाला होता, याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून ओळ दहा वेळा मोठ्यानं, लयीत, चालता चालता म्हटल्याशिवाय मी कुणाला देत नाही.

आता गीतरामायण. याबद्दल भक्तीनं पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी कारागिराच्या बाजूनं बोलतो. पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ च्या ऑक्टोबरात सुरू झालं. तिथले सीताकांत लाड हे गदिमांचे मित्र. त्यांच्या पुढाकारानं आठवड्याला एक गाणं अशी वर्षभराची मालिका ठरली. १ एप्रिल १९५५, रामनवमी आणि शुक्रवार, या दिवशी पहिलं गाणं लागलं. बावन्न गाण्यांचा बेत होता, पण त्या वर्षी अधिक मास आला आणि गाणी छप्पन झाली. १९ एप्रिल १९५६ ला, पुढच्या रामनवमीला, मालिका संपली.

एका आठवड्यात काय काय व्हायचं ते मोजा. गाणं लिहायचं, ते सुधीर फडक्यांकडे जायचं, चाल लागायची, गायक ठरायचा, तालीम, वाद्यमेळ, ध्वनिमुद्रण, आणि शुक्रवारी सकाळी ते लोकांच्या घरात वाजायला हवं. हे वर्षभर, आणि शेजारी चित्रपटांची कामं चालूच. इथं शब्द आधी, चाल नंतर अशी रीत होती, पण मुदत तुमच्या 'परवा हवंय' इतकीच कडक. पहिल्याच गाण्याचा किस्सा फडक्यांनी पुढे अनेकदा सांगितला आहे. गदिमांनी लिहून दिलेला कागद हरवला, वेळ भरत आली, कवी संतापले. लाडांनी त्यांना कागद-पेन देऊन एका खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी लावली. थोड्या वेळानं गाणं बाहेर आलं. 'स्वये श्री रामप्रभू ऐकती' ते हेच. प्रेरणेची वाट पाहणाऱ्या प्रत्येक कवीनं ती बंद खोली आठवावी असं मला मनापासून वाटतं. त्या खोलीत प्रेरणा नव्हती. औंध, कुंडल, कोल्हापूर आणि मागची वीस वर्षं होती.

पण मला त्याहून मोठी वाटते ती आवाजांची संख्या. छप्पन गाण्यांत कवी स्वतः जवळजवळ कुठंच बोलत नाही. कौसल्या बोलते, विश्वामित्र बोलतो, भरत आईवर आग पाखडतो, शबरी बोरं घेऊन उभी राहते, शूर्पणखा रामाला 'कोण तू कुठला राजकुमार' म्हणून छेडते, झोपेतून उठवलेला कुंभकर्ण रावणाला चार शब्द सुनावतो. 'नकोस नौके परत फिरू' नावाड्यांचं, म्हणून त्यात वल्ह्याचा झोका. 'सेतू बांधा रे सागरी' हे दगड वाहणाऱ्यांचं, म्हणून त्यात हुकूम आणि हुंकार, छोटे तुकडे, सगळ्यांनी मिळून उचलायची लय. पात्र बदललं की छंद बदलतो, शब्दांचं वजन बदलतं. शबरीच्या तोंडी विश्वामित्राची भाषा एकदाही येत नाही. हे केवळ प्रतिभेचं नाही. पटकथा-संवाद लिहिणाऱ्या माणसाची ही शिस्त आहे. गदिमांनी दीडशेहून अधिक मराठी चित्रपटांसाठी काही ना काही लिहिलं, त्या हाताला पात्र ओळखायची सवय जडली होती.

फडके यांच्याबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. ते शब्दाला चालीखाली दाबत नसत. वसंतराव देशपांडे, माणिक वर्मा, मालती पांडे, ललिता फडके, राम फाटक असे वेगवेगळ्या तऱ्हेचे गळे त्यांनी त्या मालिकेत वापरले आणि प्रत्येकाकडून उच्चार स्वच्छ काढून घेतले. त्यांनी पुढे गीतरामायणाचे असंख्य जाहीर कार्यक्रम केले, पहिला १९५८ साली पुण्यात वाकडेवाडीला, गदिमांच्याच 'पंचवटी' बंगल्यात. दोघांची जोडी दिग्दर्शक राजा परांजपे यांच्यासोबत त्रिकूट झाली. 'लाखाची गोष्ट' १९५२ ची, 'जगाच्या पाठीवर' १९६० ची. या दुसऱ्या चित्रपटातली 'एक धागा सुखाचा', 'जग हे बंदिशाला', 'उद्धवा अजब तुझे सरकार' ही गाणी एकाच माणसानं एकाच चित्रपटासाठी लिहिली, हे आजही माझ्या पचनी पडत नाही. 'उद्धवा अजब तुझे सरकार' यात भजनाचं अंग आहे, शेजारी 'अजब' आणि 'सरकार' हे फारसीतून आलेले शब्द आहेत, आणि दोन्ही मिळून जो टोला बसतो तो आजतागायत वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत वापरला जातो.

तुमच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती तुमच्या गावाशेजारची आहे. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची मोकळी कैद्यांची वसाहत सुरू झाली. भिंती नाहीत, कैदी शेती करायचे. गदिमांनी त्या प्रयोगावरून कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी त्यावर १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. त्या चित्रपटातली गाणी भरत व्यासांची आहेत, गदिमांची नाहीत, हे लक्षात ठेवा. गीतकार म्हणून कीर्ती असलेल्या माणसानं गाणी दुसऱ्याकडे जाऊ दिली आणि आपल्या माळरानावरची गोष्ट बर्लिनपर्यंत पोचवली. धाकटे बंधू व्यंकटेश यांनीही तोच माणदेश गद्यात लिहिला. म्हणून म्हणतो, तुमच्या घरामागच्या माळावर काय घडलं ते आधी ऐकून या.

दुसरा प्रश्न, ही कविता असते का. गदिमांना हयातीत हे ऐकावं लागलं. 'जोगिया'सारखा कवितासंग्रह १९५६ साली नावावर असूनही त्यांना 'सिनेमाची गाणी लिहिणारा' म्हणून वेगळ्या पंगतीला बसवणारे होते. पुढे १९६९ ला पद्मश्री आली, १९७३ ला यवतमाळच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद आलं. पण मी ही नावं पुरावा म्हणून देत नाही. माझा पुरावा वेगळा आहे. आळंदीच्या वाटेवर 'इंद्रायणी काठी देवाची आळंदी' ऐकू येतं. बहुतेकांना तो जुना अभंग वाटतो, नामदेवांचा असेल, चोखोबांचा असेल असं म्हणतात. ते गाणं १९५३ च्या 'गुळाचा गणपती' या चित्रपटातलं आहे. शब्द गदिमांचे, संगीत पु. ल. देशपांडे यांचं, गायले भीमसेन जोशी. तसंच 'नाच रे मोरा'. ते 'देवबाप्पा' चित्रपटासाठी लिहिलं गेलं, चाल पुलंचीच, आणि आज ते आजी नातवाला शिकवते ते कुठल्याही बडबडगीतासारखं, कवीचं नाव न घेता. 'कानडा राजा पंढरीचा' हेही चित्रपटातलंच, 'झाला महार पंढरीनाथ'मधलं, पण एकादशीला ते देवळात लागतं.

गाण्यावरून कवीचं नाव गळून पडणं आणि गाणं उरणं, हे मी आयुष्यभर हवंहवंसं मानत आलो आहे. स्पर्धेतल्या कवितेवर आपलं नाव ठळक असतं, तिथं ते असायलाच हवं. गीत लिहिताना मात्र नाव सोडायची तयारी लागते. तुम्हाला आत्ता जो अपमान वाटतोय तो मला वाटतं नावाचा आहे, कवितेचा नव्हे.

सगळंच उत्तम होतं असंही मी म्हणणार नाही. इतक्या चित्रपटांतली कित्येक गाणी आज कुणाच्या लक्षात नाहीत. काही घाईची आहेत, काहींत तेच 'सखे-साजणी' फिरून येतात. धंद्यात असं होतं. पण १९६४ च्या 'वैशाख वणवा'त माणदेशातला हा माणूस 'गोमू माहेरला जाते हो नाखवा' लिहितो आणि कोकणातले लोक ते आपलं म्हणून गातात. १९७० च्या 'मुंबईचा जावई'त, पन्नाशीत, 'का रे दुरावा' लिहितो, एका चाळीतल्या खोलीत नव्या नवराबायकोला एकांत मिळत नाही एवढ्याशा अडचणीवर. त्या गाण्यात एकही शब्द असा नाही जो ती बायको प्रत्यक्षात बोलणार नाही. वाढत्या वयात भाषा सोपी होत जाणं फार अवघड असतं. बहुतेकांची जड होत जाते.

राहिला पोटाचा प्रश्न. गदिमांनी फक्त गाण्यांवर संसार चालवला नाही. कथा, पटकथा, संवाद लिहिले, भूमिका केल्या. आजही तेच आहे. निव्वळ गीतलेखनावर महाराष्ट्रात घर चालवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांची नोकरी असते, शिकवणं असतं, संवादलेखन असतं. तुमची नोकरी असेल तर ती सोडू नका, एवढं मी ठामपणे सांगतो.

हक्कांबद्दल मात्र तुमचा काळ त्यांच्यापेक्षा बरा आहे. त्यांच्या काळात निर्माता ठरलेली रक्कम द्यायचा आणि गाणं त्याचं व्हायचं. मार्च १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तसाच निकाल दिला की निर्मात्यानं मोबदला देऊन गाणं लिहवून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा पहिला मालक निर्माता. त्याच वर्षी १४ डिसेंबरला पुण्यात गदिमा गेले, अवघ्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. चित्र बदललं ते २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीनं. आता चित्रपटगृहात चित्रपटासोबत गाणं दाखवणं सोडून बाकी वापर झाला, रेडिओ, टीव्ही, इंटरनेट, समारंभ, तर गीतकाराला रॉयल्टीचा वाटा मिळायला हवा. हा हक्क निर्मात्याला लिहून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. आपल्याकडे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी ती सोसायटी म्हणजे आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी), १९६९ पासूनची.

मी स्वतः यात नुकसान सोसलं आहे. २०१२ च्या आधी एका निर्मात्यासाठी मालिकेचं शीर्षकगीत लिहिलं, करारात फक्त रक्कम वाचली आणि सही केली. मालिका चार वर्षं रोज लागली, गाणं लोकांच्या मोबाइलच्या रिंगटोनवर गेलं. मला पहिल्या चेकनंतर काही आलं नाही. रागावण्यासारखं होतं, पण सही माझीच होती. म्हणून पहिलं गाणं प्रकाशित होण्याआधी आयपीआरएसचे सभासद व्हा, गाण्याची नोंद स्वतः करा, गीतकार म्हणून नाव आणि वाट्याची टक्केवारी लेखी घ्या, आणि गाणं ज्या ज्या ठिकाणी चढवलं जाईल तिथं तुमचं नाव बरोबर लिहिलंय ना हे पाहा. 'नाव सोडायची तयारी' असं मी वर म्हटलं ते रसिकांच्या मनातल्या नावाबद्दल. कागदावरचं नाव कधीही सोडू नका.

आता त्या चालीकडे वळू. तुम्ही ती मला पाठवली नाही, म्हणून सर्वसाधारण सांगतो. चाल वीस वेळा ऐका, पण डमी शब्दांकडे लक्ष देऊ नका. सूर कुठं लांबतो, श्वास कुठं घेतला जातो, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठं पडते, एवढंच वहीत खुणांनी मांडा. मग संगीतकाराला फोन करून विचारा, हे कोण गातंय, कुणाला उद्देशून, गाण्याआधी काय घडलंय. तो म्हणेल, 'प्रेमाचं आहे, काहीही लिही.' तरी विचारत राहा. बाई आहे की मुलगी, गाव की शहर, भांडण झालंय की भेट. त्याला एक उत्तर द्यावंच लागेल, आणि त्या उत्तरात तुमचा मुखडा, म्हणजे गाण्याची पुन्हा पुन्हा येणारी सुरुवातीची ओळ, असेल. मुखडा सापडेपर्यंत अंतऱ्याला, म्हणजे पुढच्या कडव्यांना, हात लावू नका. लांब सुरावर दीर्घ स्वर ठेवा, समेवर अर्थाचा शब्द ठेवा. एका मुखड्याचे तीन पर्याय द्या आणि तिन्ही स्वतःच्या आवाजात, वाईट गळ्यात का होईना, म्हणून पाठवा. लिहून पाठवलेला शब्द संगीतकार वाचतो आणि तिथंच अडकतो. म्हणून पाठवलेला शब्द त्याला ऐकू येतो.

परवाची मुदत असेल तर आज रात्रीच बसा. आणि जमलं तर उद्या सकाळी घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईला तो मुखडा म्हणून दाखवा. ती मधेच अडवून 'म्हंजी काय?' असं विचारेल, तो शब्द बदला.